गोलकीपरचा पहिला महिना: आधी पाय, मग सूर

गल्लीतल्या फुटबॉलमध्ये गोलकीपर निवडायची पद्धत सगळीकडे सारखीच. जो पळण्यात मागे, जो अंगानं जाड, किंवा ज्याला आईनं दूध आणायला पिटाळलं म्हणून जो उशिरा आला, तो गोलात. मी तिसऱ्या प्रकारातला. दोन चपलांच्या मधे उभा राहिलो आणि पुढची पंधरा वर्षं तिथून हललो नाही. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉल संघांच्या मॅचेस चालू असताना शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून बघा. फॉरवर्डनं चार सोप्या संधी घालवल्या तरी लोक हळहळून गप्प बसतात. कीपरच्या हातून एक बॉल निसटला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

आता मी मुलांना कीपिंग शिकवतो. नवा पोरगा आला की पहिल्या पाच मिनिटांत विचारतो, "सर, डाइव्ह कधी शिकवणार?"

"तिसऱ्या आठवड्यात."

चेहरा पडतो. त्याचंही बरोबर आहे, मोबाइलवर बघून आलेला असतो तो. पण तेच व्हिडिओ आवाज बंद करून, फक्त कीपरच्या पायांकडे बघत पाहा. चांगला कीपर सूर मारायच्या आधी दोन-तीन बारीक पावलं टाकून बसलेला असतो, आणि निम्म्या वेळा त्या पावलांमुळे सूर मारायची वेळच येत नाही. बॉल सरळ छातीवर येतो, आणि बघणारा म्हणतो, "काय, त्याच्या अंगावरच मारला!" अंगावर मारला नव्हता, अंग तिथं नेलं होतं. पहिल्या महिन्यात शिकायचं ते एवढंच, आणि पुढचा क्रम त्यानुसारच लावला आहे.

गोलात ढकललेल्या मुलाला आपण उरलेला गडी आहोत असं वाटत असेल, तर त्याला सांगा की गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर गोलकीपर होते आणि भारताचे कर्णधारही होते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गुरप्रीतसिंग संधू यानंही कीपर असतानाच देशाचं कर्णधारपद सांभाळलं. सगळं मैदान समोर दिसणारा संघात एकच जण असतो.

मैदानावर जाण्याआधी

हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. नखं कापा. बॉल ८ ते १२ वर्षांच्या मुलांना ४ नंबरचा, त्यापुढे ५ नंबरचा. लहान मुलाच्या हातात मोठा बॉल दिला की तो झेलायचं सोडून छातीशी कवटाळायला लागतो, आणि ती सवय पुढं मोडता मोडत नाही.

ग्लोव्हज घेताना बोटांच्या टोकाशी थोडी जागा राहील असे घ्या. अगदी घट्ट घेतले तर शिवण उसवते. खेळायच्या आधी तळव्यावर थोडं पाणी मारा, कोरड्या लॅटेक्सची, म्हणजे तळव्याच्या रबराची, पकड कमी असते. घरी आल्यावर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. उन्हात टाकले तर तळवा कडक होऊन भेगाळतो. एक जुनी जोडी सरावाला आणि बरी जोडी मॅचला, असं ठेवलं तर परवडतं, कारण आपली बहुतेक मैदानं मुरमाड असतात आणि मुरूम लॅटेक्स खवणीसारखा किसून काढतो. त्याच कारणानं फुल ट्रॅकपँट आणि कोपर-गुडघ्यांना पॅड हवेतच.

आणि एक गोष्ट ओरडून सांगण्यासारखी: हलवता येणारा लोखंडी गोल मागून वाळूच्या पोत्यांनी दाबलेला किंवा जमिनीत ठोकलेला असल्याशिवाय त्यात सराव करू नका. बारला लोंबकळू तर मुळीच नका. तो अख्खा सांगाडा पुढं कोसळतो.

पहिली पायरी: स्टॅच्यू

पाय खांद्यांएवढे फाकवलेले, वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम टेकलेल्या. गुडघे थोडे वाकलेले, छाती किंचित पुढे. हात कमरेच्या वर, शरीराच्या जरा पुढे, तळवे बॉलकडे. हात मांडीवर टेकवून उभं राहू नका. तिथून ते वर आणायला लागणारा क्षण तुमच्याकडे नसतो.

एवढं सगळ्यांना जमतं. चुकतं ते पुढं: बॉल मारला जात असताना कीपर हलत असतो. एका बाजूला सरकताना दुसऱ्या बाजूला झेप घेता येत नाही. म्हणून लहानपणचा स्टॅच्यूचा खेळ इथं आणायचा.

कीपर गोलसमोर, मी बॉल घेऊन १२-१४ मीटरवर. मी बॉल ढकलत डावीकडे-उजवीकडे चालतो, कीपर माझ्याबरोबर बारीक पावलांनी सरकतो. मारण्यासाठी माझा पाय मागं गेला की स्टॅच्यू! दोन्ही पाय जमिनीवर, शरीर शांत. कधी मी खरंच मारतो, कधी नुसता पाय मागं नेऊन थांबतो. तो त्या क्षणी उभा होता की वाटेत होता, एवढंच बघायचं. झेल सुटला तरी मी बोलत नाही. वाटेत सापडला तर बोलतो. दहा वेळा करा, एक मिनिट थांबा, पुन्हा दहा.

सरकताना पाय एकमेकांना चिकटवू नका आणि जवळच्या अंतरात एकावरून दुसरा टाकू नका. लांब जायचं असेल, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या बॉलमागे वगैरे, तर मात्र पाय ओलांडून पळायलाच हवं. तिथं खेकड्यासारखं सरकून बॉल गाठता येत नाही.

दुसरी पायरी: अंगठे आणि करंगळ्या

छातीच्या वरचा बॉल असेल तर अंगठे जवळ, बोटं पसरलेली, दोन्ही तळव्यांमागून पाहिलं तर इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार. कमरेखालचा असेल तर करंगळ्या जवळ, म्हणजे आपली ओंजळ. पाणी प्यायला करतो तशी, फक्त बोटं जमिनीकडे. मधल्या उंचीवर, पोटाशी येणारा बॉल हातांवर घेऊन छातीशी गुंडाळायचा. नवशिक्याचा गोंधळ नेमका या मधल्या बॉलला होतो, कारण अंगठे की करंगळ्या हे ठरत नाही. त्यावर उपाय सरावाचाच: जोडीदारानं चार मीटरवरून दोन्ही हातांनी बॉल टाकायचा, उंची दर वेळी बदलायची, आणि झेलणाऱ्यानं बॉल हातात यायच्या आधी मोठ्यानं "अंगठा" किंवा "करंगळी" म्हणायचं. दोन दिवस पोरं हसतात, तिसऱ्या दिवशी तोंडाऐवजी हात बोलायला लागतात.

जमिनीवरून सरपटत येणाऱ्या बॉलला ओंजळीच्या मागं आणखी एक भिंत हवी. एक पाय पुढं, मागच्या पायाचा गुडघा आत वळवून जमिनीजवळ आणायचा, म्हणजे दोन पायांतून बॉल निसटायला फट राहत नाही. मुरमाड मैदानावर बॉल शेवटच्या टप्प्याला कुठंही उडतो, तिथं ही दुसरी भिंत इज्जत वाचवते.

जोडीदार नसेल तर भिंत आहेच. टेनिस बॉल घ्या, तीन मीटरवरून भिंतीवर मारा, दोन्ही हातांनी झेला, पन्नास वेळा. मग अंतर दोन मीटर करा. डोळे बॉल हातात शिरेपर्यंत बॉलवर. आपल्याकडे क्रिकेट खेळलेल्या मुलांना हे लवकर जमतं, पण त्यांना एक खोड असते. ते झेल घेताना हात मागं ओढतात. क्रिकेटमध्ये बॉल कडक असतो म्हणून ते ठीक. गोलात हात मागं ओढलेत आणि बॉल निसटला, तर मागं जाळीच आहे. इथं बॉल अंगाच्या पुढं घ्यायचा आणि मग छातीशी आणायचा.

तिसरी पायरी: पडायला शिका

मी शाळेत असताना हे मला कुणी शिकवलं नाही. एका मॅचमध्ये उजवीकडे उडी घेतली, जमीन जवळ आली तसा घाबरून तळहात टेकवला, आणि मनगट मुरगळून सहा आठवडे डाव्या हातानं जेवलो. हात टेकवायचा नाही, हा पहिला नियम. पोटावर पडायचं नाही, हा दुसरा. अंग कुशीवर, एकेक भाग क्रमानं जमिनीला लागला पाहिजे: पिंढरी, मांडीची बाहेरची बाजू, कंबर, बरगड्यांची कड, खांदा. कोपर अंगाखाली येता कामा नये.

मऊ जागा शोधा. कोकणात, गोव्यात ओली वाळू आहे. आम्हाला पहिले काही दिवस तालमीच्या हौद्यात मिळाले, तेही वस्तादांची परवानगी काढून, बूट बाहेर ठेवून आणि शेवटी माती पुन्हा सारखी करून देण्याच्या बोलीवर. उकरलेल्या तांबड्या मातीत पडायची भीती अर्ध्या तासात जाते. यातलं काहीच नसेल तर दोन जुन्या गाद्या चालतील.

क्रम असा. आधी पाय पसरून बसा. जोडीदार दीड मीटरवरून बॉल बाजूला टाकतो, तुम्ही कुशीवर लवंडून झेलता. दोन्ही बाजूंना दहा-दहा. मग गुडघ्यांवर बसून तेच. मग उकिडवे बसून. मग उभं राहून, एक पाऊल टाकून. ते पाऊल बाजूला सरळ टाकायचं नाही, तिरकं पुढं टाकायचं. मागं पडणारा कीपर बॉलला जाळीकडे जायला मदत करतो. झेलताना एक हात बॉलच्या मागं, दुसरा वर, आणि जमीन हा तिसरा हात. बॉल या तिघांत दाबला गेला पाहिजे.

झेल शक्य नसेल तर ढकला, पण समोर नाही. खांबाच्या बाहेर, जितकं लांब जाईल तितकं. समोर ढकललेला बॉल म्हणजे सेंटर फॉरवर्डला घरपोच पार्सल.

एका दिवशी प्रत्येक बाजूला १०-१२ चांगल्या पडण्या पुरेत. दमलेलं अंग वाकडं पडतं आणि वाकडं पडायचीच सवय लागते.

चौथी पायरी: दोरी

इथं मी सगळ्यांत जास्त वेळ घालवतो, आणि मुलं इथंच सगळ्यांत जास्त कंटाळतात, दोरी बाहेर येईपर्यंत.

गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. गोलरेषेवर उभ्या असलेल्या मुलाला ही रुंदी राखायची तर ते त्याच्या आवाक्याबाहेरचंच आहे. पण बॉल मारणाऱ्याला गोल दिसतो तो कीपरच्या मागं. म्हणून साधारण ३० मीटर दोरी घ्या, सुतळीही चालेल. एक टोक एका खांबाला बांधा, दुसरं दुसऱ्याला, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मधला भाग धरून पेनल्टीच्या ठिपक्यावर, म्हणजे ११ मीटरवर, या. दोरी ताणा आणि उरलेली हातात गुंडाळून घ्या. बॉल तिथं ठेवा. आता समोर एक त्रिकोण तयार झाला. बॉल गोलात जायचा तर याच त्रिकोणातून जाणार.

कीपरला रेषेवर उभं करा. दोन्ही बाजूंच्या दोऱ्या त्याच्यापासून ३.६६ मीटर लांब. मग त्याला पुढं चालत यायला सांगा. ३ मीटर पुढं आला की त्या जागी त्रिकोणाची रुंदी ५.३२ मीटर उरते. ५.५ मीटरवर, म्हणजे छोट्या चौकटीच्या रेषेवर, ती बरोबर निम्मी: ३.६६ मीटर. म्हणजे प्रत्येक बाजूला १.८३ मीटर, एक पाऊल आणि लांबवलेला हात. हे फळ्यावर काढून दाखवलं तर मुलं जांभया देतात. दोरी पोटरीजवळ आलेली बघितली की म्हणतात, "सर, म्हणजे मी मोठा झालो!"

मग लगेच एक जण विचारतो, तर अजून पुढं का नाही जायचं? विचारलं नाही तर मीच विचारतो. ताशी ७२ किलोमीटर वेगानं मारलेला बॉल सेकंदाला २० मीटर जातो. रेषेवर असाल तर ११ मीटरसाठी साधारण अर्धा सेकंद मिळतो. ५.५ मीटर पुढं आलात तर तोच वेळ पाव सेकंदाच्या आसपास. शिवाय डोक्यावरून उचलून टाकायची जागा उघडी पडते. रुंदी कमी केली की वेळही कमी होतो, हा सौदा आहे. लहान मुलांना उंची कमी म्हणून मी त्यांना मोठ्यांपेक्षा थोडं मागंच ठेवतो.

आता दोरी घेऊन बाजूला जा, मोठ्या चौकटीच्या कोपऱ्याच्या दिशेनं, दोरी पुरेल तिथपर्यंत. त्रिकोण तिरका आणि अरुंद होतो. कीपरनं बॉलपाशी होणाऱ्या कोनाच्या बरोबर मधोमध उभं राहायचं, दोन्ही दोऱ्यांपासून सारख्या अंतरावर. जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा इथं लांबच्या खांबाकडे झुकलेला सापडतो, कारण तिकडची मोकळी जागा त्याच्या डोळ्यांत भरते. जवळच्या खांबाजवळून गोल खाल्ला की प्रेक्षक माफ करत नाहीत, ते त्यासाठीच. तो गोल बहुधा हातांमुळे होत नाही, उभं राहण्यामुळे होतो.

दोरीवर दोन दिवस घालवल्यावर दोरी काढा आणि पाच खुणा करा. मार्कर नसले तर पाण्याच्या बाटल्या, चपला, काहीही. एक जवळच्या खांबापुढं, एक दुसऱ्या खांबापुढं, मधल्या तीन थोड्या पुढं, अशा अर्धगोलात. प्रत्येक खुणेसमोर १२-१५ मीटरवर एकेक बॉल. मी आकडा ओरडतो, "चार!" कीपर त्या खुणेवर बारीक पावलांनी पोचतो, स्टॅच्यू होतो, तेव्हाच चार नंबरचा बॉल मारला जातो. सलग तीन बॉल, मग पूर्ण विश्रांती, असे पाच फेरे. आठवड्यानंतर खुणाही काढून टाका. मधेच खेळ थांबवा, कीपरला डोळे मिटायला सांगा आणि विचारा, "डावा खांब कुठं आहे?" त्यानं हातानं दाखवायचं. पहिल्या दिवशी दाखवलेली दिशा बघून हसू आवरत नाही. पुढं मुलं आपल्याच खुणा शोधतात: पेनल्टीचा ठिपका, छोट्या चौकटीचे कोपरे. मागं वळून न बघता पाठीमागचा गोल माहीत असणं, ते यातून येतं.

पाचवी पायरी: समोरासमोर

फॉरवर्ड एकटा निसटून येतो तेव्हा बहुतेक कीपर एकतर रेषेला खिळतात किंवा मिरवणुकीतल्या बैलासारखे उधळतात. पुढं यायची वेळ एकच: बॉल त्याच्या पायापासून सुटलेला असताना. त्यानं बॉल पुढं ढकलला आणि मान खाली घातली की धावा. बॉल पुन्हा त्याच्या पायाशी आला की थांबा, स्टॅच्यू. पुन्हा ढकलला की पुन्हा पुढं.

जवळ पोचल्यावर अंग रुंद करायचं: एक गुडघा खाली, दुसरा पाय बाजूला पसरलेला, हात बाजूंना खाली, छाती ताठ. १८ डिसेंबर २०२२ ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ३-३ असताना, जादा वेळेच्याही अगदी शेवटी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला होता. अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझनं पसरलेल्या डाव्या पायानं तो बॉल अडवला. तो क्षण हळू करून बघा. तो आधी पुढं आला, उभा राहिला, आणि शेवटच्या क्षणी पसरला. लवकर आडवा पडला असता तर फॉरवर्डला वरची जागा मोकळी होती.

सराव: जोडीदार २० मीटरवरून चालत बॉल आणतो, मुद्दाम कधी लांब ढकलतो, कधी पायाशी ठेवतो. सुरुवातीला खरंच चालतच. वेग या सरावाच्या दुसऱ्या आठवड्यात.

क्रॉस आणि पायांचं काम, थोडक्यात

उंच क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेनं गोलसमोर उचलून टाकलेले बॉल, मी पहिल्या महिन्यात फार शिकवत नाही. एवढं पुरे: एका पायावर उडी, पुढचा गुडघा वर, बॉल जिथं सर्वांत उंचावर हाताला लागेल तिथं झेला, आणि निघताना "कीपर!" अशी आरोळी. जायचं नसेल तर "मार!" म्हणून डिफेंडरला सांगा. गप्प कीपर आणि गप्प डिफेंडर एकमेकांवर आदळतात. गर्दीत झेल जमणार नसेल तर दोन्ही मुठी जोडून, वर आणि बाजूला ठोसा.

१९९२ पासून सोबत्यानं मुद्दाम पायानं मागं दिलेला बॉल कीपरला हातात घेता येत नाही, आणि २०२५-२६ च्या नियमांनुसार हातातला बॉल ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. म्हणून प्रत्येक सरावात दहा मिनिटं दोन्ही पायांनी साधे पास, आणि झेल घेतल्यावर आठ आकडे मोजायच्या आत बॉल हातानं घरंगळत सोबत्याच्या पायाशी. लांब किक नंतर बघू. रंगीत बॉल, शिडी, फ्लॅश होणारे दिवे, हे सगळं विकत मिळतं. घेऊ नका. दोरी घ्या.

गोलांची वही

प्रत्येक मॅचनंतर खाल्लेला प्रत्येक गोल वहीत काढा. चौकट, बॉल कुठून मारला तिथं फुली, तुम्ही कुठं होता तिथं टिंब, आणि खाली एकच शब्द: पाय, हात, जागा किंवा नाइलाज. 'नाइलाज' लिहायची मुभा आहे, पण दर गोलाला नाही. 'पाय' म्हणजे मारला तेव्हा हलत होतो, या आठवड्यात स्टॅच्यू. 'हात' असेल तर भिंत आणि टेनिस बॉल. माझ्याकडच्या एका मुलीच्या वहीत चार मॅचमध्ये सहा वेळा 'जागा' आलं, त्यातल्या पाच फुल्या डाव्या बाजूच्या. बघितलं तर ती उजव्या खांबाला हात लावून जागा धरायची, डाव्या खांबाला कधीच नाही. आता ती बॉल मधल्या रेषेपलीकडे असला की दोन्ही खांब शिवून येते.